लॉरेंट्झ फोर्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या विषयावर तेच तेच प्रश्न फिरून येत राहतात म्हणून सगळे एका जागी गोळा केलेत. फॉर्म्युला बहुतेकांना पाठ असतो, गाडी अडते ती एकाच ठिकाणी, की त्यातला वेग नक्की कुणाचा आणि कुणी मोजलेला. ते एकदा मनात पक्कं बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, त्यामुळे ९ नंबरचा प्रश्न कृपया कुणी गाळू नका. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात.

१. लॉरेंट्झ फोर्स म्हणजे काय, एकदम सोप्या भाषेत सांगाल का?

चार्ज असलेल्या कणावर इलेक्ट्रिक फील्ड आणि मॅग्नेटिक फील्ड मिळून जो फोर्स लावतात तो लॉरेंट्झ फोर्स. लिहायचा असा: एफ = क्यू (ई + व्ही × बी). क्यू म्हणजे चार्ज, ई इलेक्ट्रिक फील्ड, व्ही कणाचा वेग, बी मॅग्नेटिक फील्ड. पहिला भाग सरळ आहे, चार्ज पॉझिटिव्ह असेल तर ई च्या दिशेने ढकलला जातो, निगेटिव्ह असेल तर उलट, मग तो हलत असो की एका जागी बसलेला असो. दुसरा भाग वेगळाच, तो फक्त हलणाऱ्या चार्जवर लागतो आणि तोही वेगाला काटकोनात, फील्डलाही काटकोनात. मधली फुली साधा गुणाकार नाही, व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट आहे, म्हणून साइन थीटा येतो (थीटा म्हणजे वेग आणि फील्ड यांच्यातला कोन). बरेच जण फक्त मॅग्नेटिक भागालाच लॉरेंट्झ फोर्स म्हणतात, तेही चालतं, पण परीक्षेत किंवा कुठे वाचताना कोणता अर्थ घेतलाय ते बघून घ्या.

२. हा नियम लॉरेंट्झनेच शोधला का?

नाव त्याचं आहे, पण काम बऱ्याच जणांचं. मॅक्सवेलच्या १८६१-६२ च्या लिखाणात हे समीकरण वेगळ्या रूपात दिसतं. १८८१ मध्ये जे. जे. थॉमसनने हलणाऱ्या चार्जवरचा मॅग्नेटिक फोर्स काढला पण उत्तर निम्मं आलं, १८८९ मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने तो बरोबर केला, आणि १८९५ मध्ये हेंड्रिक लॉरेंट्झने ई आणि बी दोन्ही एकत्र करून आज आपण वापरतो तो पूर्ण नियम मांडला. मला यातला थॉमसनचा भाग फार आवडतो, कारण इतक्या मोठ्या माणसाचाही एक फॅक्टर चुकला आणि पुढच्याने तो शांतपणे सुधारला. लॉरेंट्झला १९०२ चं नोबेल पीटर झेमानबरोबर मिळालं, ते मॅग्नेटिझमचा प्रकाशाच्या उत्सर्जनावर काय परिणाम होतो या कामासाठी.

३. दिशा काढताना उजवा हात वापरायचा की डावा? दर वेळी गोंधळ होतो.

दोन्ही बरोबर आहेत, एकाच वेळी दोन्ही वापरू नका एवढंच. उजव्या हाताने करायचं तर सरळ बोटं वेगाच्या दिशेने धरा, ती बी च्या दिशेकडे वळवा, अंगठा दाखवतो ती पॉझिटिव्ह चार्जवरच्या फोर्सची दिशा. डाव्या हाताचा फ्लेमिंगचा नियम वायरसाठी बनवलाय, तिथे पहिलं बोट फील्ड, मधलं बोट करंट, अंगठा फोर्स. इलेक्ट्रॉन असेल तर शेवटी उत्तर उलटं करा. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात: करंटची दिशा आधीच पॉझिटिव्ह धरून ठरवलेली असते, त्यामुळे करंट घेऊन दिशा काढली की परत उलटायची नाही, इलेक्ट्रॉनचा वेग घेतला तरच उलटायची.

४. चार्ज फील्डच्याच दिशेने चालला तर?

मॅग्नेटिक फोर्स शून्य, साइन शून्य म्हणजे शून्य. तो फील्डची ओळ धरून सरळ निघून जातो. वेग थोडा तिरका असेल तर फील्डला समांतर भाग तसाच राहतो, काटकोनातला भाग गोल फिरतो आणि दोन्ही मिळून स्प्रिंगसारखा मार्ग तयार होतो. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या फील्डभोवती असेच वेटोळे घेत ध्रुवांकडे उतरतात, आणि ध्रुवीय प्रकाश विषुववृत्ताऐवजी ध्रुवांच्या आसपास दिसतो त्यामागे हेच आहे.

५. हा फोर्स प्रत्यक्षात किती मोठा असतो? आकड्यांत सांगा.

एक इलेक्ट्रॉन घ्या, वेग सेकंदाला १ कोटी मीटर, फील्ड फक्त १ मिलिटेस्ला (टेस्ला हे मॅग्नेटिक फील्डचं एकक), वेगाला काटकोनात. फोर्स येतो १.६ गुणिले १० चा उणे १५ वा घात, एवढे न्यूटन. वाचताना अगदीच क्षुल्लक वाटतो, पण त्या इलेक्ट्रॉनच्या वजनाशी तुलना करा, वजनाच्या साधारण १८० लाख कोटी पट निघतो! म्हणून असल्या गणितात गुरुत्वाकर्षण डोळे मिटून सोडून देतात. हाच इलेक्ट्रॉन त्या फील्डमध्ये सुमारे ५.७ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतो आणि एक फेरी ३६ नॅनोसेकंदांच्या आसपास पुरी करतो.

६. कण जोरात पळाला तर फेरीला कमी वेळ लागायला हवा ना? पुस्तकात तर वेळ तोच राहतो असं लिहिलंय.

पुस्तक बरोबर आहे. त्रिज्या म्हणजे एम व्ही भागिले क्यू बी (एम म्हणजे कणाचं वस्तुमान), वेग दुप्पट झाला की वर्तुळही दुप्पट मोठं होतं, मग अंतर दुप्पट आणि वेगही दुप्पट, वेळ तेवढाच. फेऱ्यांची फ्रिक्वेन्सी क्यू बी भागिले २ पाय एम, त्यात वेग येतच नाही. १ टेस्लामध्ये इलेक्ट्रॉनसाठी ती जवळपास २८ गिगाहर्ट्झ आणि प्रोटॉनसाठी सुमारे १५.२ मेगाहर्ट्झ भरते.

अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनचा (कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र) सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज लावून ठेवायचं, कण प्रत्येक अर्ध्या फेरीला बरोबर वेळेवर येऊन धक्का घेऊन जातो, बाहेरच्या बाजूला मोठी मोठी वर्तुळं काढत सरकतो. १९३१ च्या सुमाराचं पहिलं चालतं यंत्र तळहातावर मावेल एवढं होतं. पण कण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जायला लागला की ही बरोबरी बिघडते (का ते प्रश्न १६ मध्ये), आणि मग फील्ड आणि फ्रिक्वेन्सी वेगाप्रमाणे बदलत न्यायला लागतात, त्याला सिंक्रोट्रॉन म्हणतात. सर्नचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर त्याच जातीचा, घेर २७ किलोमीटर, प्रोटॉन वळवायला १२३२ डायपोल मॅग्नेट, पूर्ण एनर्जीला प्रत्येकी ८.३ टेस्लाच्या आसपास. इतकी लांब रिंग का लागली याचं उत्तरही त्रिज्येच्या त्याच साध्या फॉर्म्युल्यात आहे: फील्ड जास्त वाढवता येत नसेल तर त्रिज्या वाढवा, तिसरा रस्ता नाही.

७. वायरमधले इलेक्ट्रॉन तर मुंगीपेक्षा हळू सरकतात म्हणे, मग वायरवर एवढा फोर्स कुठून येतो?

संख्येमुळे. १ चौरस मिलिमीटर जाडीची १ मीटर तांब्याची वायर घ्या, त्यात १ अँपिअर करंट, इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटरने सरकतात, खरंच नगण्य. पण त्या एवढ्याशा वायरमध्ये सरकू शकणारा एकूण चार्ज साधारण १३,६०० कूलोंब आहे! चार्ज गुणिले वेग केलं की बरोबर १ येतो आणि १ टेस्लाच्या फील्डमध्ये फोर्स १ न्यूटन. वायरवरच्या फोर्सचा बी आय एल (फील्ड गुणिले करंट गुणिले लांबी) हा वेगळा नियम नाहीये, प्रत्येक इलेक्ट्रॉनवरचा लॉरेंट्झ फोर्स मोजून बेरीज केली की तोच मिळतो.

लाउडस्पीकरमध्ये हेच चालतं, कोनाला चिकटवलेली छोटी कॉइल मॅग्नेटच्या फटीत असते, गाण्याचा करंट इकडे तिकडे झाला की कॉइल आत बाहेर होते आणि हवा हलते. एमआरआय मशीनमध्ये झोपल्यावर जो ठक ठक आवाज येतो तोही हाच, तिथे कायम १.५ किंवा ३ टेस्लाचं फील्ड असतं आणि त्यात ग्रेडियंट कॉइलमधला शेकडो अँपिअरचा करंट भराभर चालू बंद होतो, प्रत्येक वेळी कॉइलला जबरदस्त झटका बसतो आणि ती थरथरते. म्हणजे ते मशीन स्वतःच एक मोठा स्पीकर बनलेलं असतं.

८. मॅग्नेटिक फोर्स वर्क करत नाही असं शिकवतात, मग मोटर कशी फिरते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि तो पडलाच पाहिजे.

मॅग्नेटिक फोर्स वेगाला कायम काटकोनात असतो, त्यामुळे कणाची एनर्जी तो वाढवत नाही आणि कमीही करत नाही, फक्त दिशा वळवतो. यात अपवाद नाही. आता मोटरमधली एक वायर बघा. त्यातल्या इलेक्ट्रॉनला दोन वेग आहेत, एक वायरच्या लांबीवर (करंटमुळे) आणि दुसरा वायरबरोबर आडवा (वायर स्वतः हलते म्हणून). पहिल्या वेगामुळे जो फोर्स येतो तो वायरला आडवा ढकलतो, याचं वर्क पॉझिटिव्ह. दुसऱ्या वेगामुळे जो फोर्स येतो तो इलेक्ट्रॉनला वायरच्या लांबीवर उलटा रेटतो, याचं वर्क निगेटिव्ह. गणित मांडून बघा, दोन्ही अगदी तंतोतंत सारखे येतात, बेरीज शून्य. हा जो उलटा रेटा आहे त्यालाच बॅक ईएमएफ म्हणतात, आणि त्याला न जुमानता करंट चालू ठेवायला बॅटरी जी एनर्जी घालते तीच शाफ्टवर बाहेर पडते. म्हणजे वर्क बॅटरी करते, मॅग्नेटिक फील्ड फक्त त्या वर्कला आडवं वळण देतं.

उताराची उपमा मला इथे पटते. गुळगुळीत उतारावर पेटी आडवी ढकलली तर ती वर चढते, उताराचा फोर्स पृष्ठभागाला काटकोनात असल्यामुळे स्वतः काहीच वर्क करत नाही, तरी तो नसता तर आडव्या धक्क्याने पेटी वर गेली नसती.

याचा रोजच्या कामातला उपयोग पण सांगतो. मोटर जाम झाली की बॅक ईएमएफ शून्य होतो, मग करंट अडवायला फक्त कॉइलचा रेझिस्टन्स उरतो, करंट कितीतरी पट वाढतो आणि वाइंडिंग जळतं. चालू करताना मोटर क्षणभर खूप करंट खेचते त्याचंही कारण हेच.

९. फॉर्म्युल्यातला वेग कुणाच्या सापेक्ष? मॅग्नेटच्या का?

नाही, आणि हा गैरसमज खूप खोलवर बसलेला असतो. वेग मोजायचा तो निरीक्षकाच्या सापेक्ष, म्हणजे ज्या फ्रेममधून (मोजणारा स्वतःला स्थिर धरून मोजतो ती चौकट) तुम्ही ई आणि बी मोजलेत त्याच फ्रेममधून व्ही मोजायचा. तिन्ही गोष्टी एकाच फ्रेमच्या हव्यात, एक इथली आणि दोन तिथल्या असं केलं की उत्तर चुकणारच.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, की मी चार्जबरोबरच पळायला लागलो तर माझ्या दृष्टीने चार्ज स्थिर, व्ही शून्य, मॅग्नेटिक फोर्स शून्य, मग तो वळतो कसा? उत्तर असं की तुमच्या फ्रेममध्ये फील्डच बदललेली असतात. बाहेरच्याला जिथे फक्त बी दिसत होतं तिथे तुम्हाला बी बरोबर एक ई पण दिसतं, कमी वेगाला ते बरोबर व्ही × बी एवढंच असतं. चार्ज वळतो हे दोघांनाही मान्य, फक्त एक जण कारण मॅग्नेटिक सांगतो आणि दुसरा इलेक्ट्रिक. मॅग्नेट हलवा आणि कॉइल स्थिर ठेवा किंवा कॉइल हलवा आणि मॅग्नेट स्थिर ठेवा, करंट तोच येतो पण जुन्या थिअरीत स्पष्टीकरणं दोन वेगवेगळी, हीच गोष्ट खटकल्याचं सांगून आइन्स्टाइनने १९०५ चा रिलेटिव्हिटीचा पेपर सुरू केला होता. मला हे वाचून पहिल्यांदा खरंच अंगावर काटा आला होता, की ज्या उदाहरणावरून आपण घाईने पुढे जातो तिथे तो माणूस थांबला.

१०. विमानाच्या पंखांच्या टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं, मग त्यावर बल्ब का लावत नाहीत?

व्होल्टेज येतं हे खरं. पंखांची टोकं ६० मीटर लांब, वेग सेकंदाला २५० मीटर, पृथ्वीच्या फील्डचा उभा भाग ४० मायक्रोटेस्ला धरला तर ०.६ व्होल्ट. पण बल्ब लावायला ज्या वायर टाकाल त्या पण त्याच वेगाने त्याच फील्डमधून चालल्यात, त्यांच्यातही तेवढंच व्होल्टेज येतं आणि सर्किटमध्ये दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, मीटर शून्य दाखवतो.

मार्ग आहे, सर्किट बाहेरून पूर्ण करायचं, ज्या वस्तूतून ते पुरं होतं ती आपल्याबरोबर पळत नसली पाहिजे. १९९६ मध्ये कोलंबिया शटलमधून एक उपग्रह लांब वायरला बांधून सोडला होता, जवळपास २० किलोमीटर वायर बाहेर गेली, सुमारे साडेतीन हजार व्होल्ट मिळाले आणि करंटही वाहिला कारण सर्किट भोवतीच्या प्लाझ्मातून (चार्ज असलेल्या कणांचा विरळ वायू) पूर्ण होत होतं. नंतर ती वायर तुटली, पण मुद्दा सिद्ध झाला.

११. हॉल सेन्सर कसा काम करतो, आणि तो तांब्याचा का नसतो?

पट्टीतून करंट जातो, फील्ड पट्टीला आरपार, चार्ज एका कडेला ढकलले जातात आणि तिथे साचतात, साचलेल्या चार्जचं इलेक्ट्रिक फील्ड मॅग्नेटिक फोर्सला तोलून धरेपर्यंत हे चालतं. दोन कडांमधलं ते व्होल्टेज म्हणजे हॉल व्होल्टेज, एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेलं, इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्याही आधी. तांब्यात चार्ज इतके जास्त असतात की प्रत्येकाला फार हळू सरकावं लागतं, ०.१ मिलिमीटर जाड पट्टीत १ अँपिअर आणि १ टेस्लाला मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी मिळतं. सेमीकंडक्टरमध्ये चार्ज थोडे, म्हणून वेग जास्त, म्हणून व्होल्टेजही भरपूर. ब्रशलेस मोटरला रोटर कुठे आहे ते याच सेन्सरवरून कळतं, बऱ्याच फोनच्या कंपासमध्येही हाच असतो.

एक विचित्र गोष्ट: झिंक आणि बेरिलियम या धातूंमध्ये व्होल्टेज उलट चिन्हाचं येतं, जणू पॉझिटिव्ह चार्ज वाहतोय. लॉरेंट्झचा नियम इथे मोडत नाही, धातूच्या आतल्या इलेक्ट्रॉनची वागणूक मोकळ्या इलेक्ट्रॉनसारखी नसते आणि त्यासाठी क्वांटम थिअरीच लागते.

१२. पाइपातल्या पाण्याचा वेग याने मोजतात ते कसं? तेलावर का चालत नाही?

पाण्यातल्या आयनांवर (चार्ज असलेले अणू किंवा रेणू) आडवा फोर्स लागतो, पाइपाच्या दोन बाजूंच्या इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज येतं, ते बी गुणिले व्यास गुणिले वेग एवढं. १० सेंटीमीटर पाइप, १० मिलिटेस्ला, सेकंदाला २ मीटर वेग, तर २ मिलिव्होल्ट. तेलात किंवा एकदम शुद्ध पाण्यात आयन जवळपास नसतात त्यामुळे सिग्नल मिळत नाही. पाइप अर्धा रिकामा असेल तर रीडिंगवर अजिबात विश्वास ठेवू नका, मीटर पूर्ण भरलेला पाइप धरूनच हिशोब करतो. फील्डची दिशा सतत उलटसुलट करतात, नाहीतर इलेक्ट्रोडवर केमिकल व्होल्टेज साचून खरा सिग्नल बुडून जातो.

कल्पना जुनी आहे, १८३२ मध्ये फॅरेडेने वॉटर्लू ब्रिजवरून थेम्स नदीत तांब्याच्या प्लेट सोडून हे मोजायचा प्रयत्न केला होता, नीट जमलं नाही. आपल्या रक्तातही हे घडतं, एमआरआयच्या जोरदार फील्डमध्ये महाधमनीतल्या रक्तामुळे जे व्होल्टेज येतं ते ईसीजीत मिसळतं आणि आलेख बिघडलेला दिसतो, हृदय ठीक असलं तरी.

१३. मास स्पेक्ट्रोमीटर अणूचं वजन करतो का?

सरळ वजन नाही, वस्तुमान भागिले चार्ज एवढंच सांगतो. आधी ई आणि बी काटकोनात लावून एकाच वेगाचे आयन निवडतात (दोन्ही फोर्स एकमेकांना तोलतात तेव्हा वेग बरोबर ई भागिले बी असतो), मग नुसत्या बी मध्ये वळवतात, जड आयन मोठं वर्तुळ काढतो. दोन चार्ज असलेला ५६ वजनाचा आयन आणि एक चार्ज असलेला २८ वजनाचा एकाच जागी पडतात, इथे नवीन माणूस हमखास फसतो. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघेही २८, पण बारीक बघितलं तर २८.००६ आणि २७.९९५, चांगलं मशीन त्यांना वेगळं करतं.

१४. दोन हलणाऱ्या चार्जमध्ये न्यूटनचा तिसरा नियम मोडतो हे खरं का?

नुसत्या कणांपुरतं बघितलं तर हो. एक चार्ज दुसऱ्याकडे सरळ येतोय आणि दुसरा आडवा चाललाय असं धरा, पहिल्याचं मॅग्नेटिक फील्ड त्याच्या स्वतःच्या मार्गाच्या ओळीवर शून्य असल्याने दुसऱ्यावर मॅग्नेटिक फोर्स नाही, पण दुसऱ्याचं फील्ड पहिल्यावर फोर्स लावतं. हिशोब जुळत नाही कारण फील्डमध्येही मोमेंटम (संवेग) असतो, तो धरला की एकूण मोमेंटम कायम राहतो. बंद सर्किटमध्ये स्थिर करंट असतील तर दोन सर्किटमधले एकूण फोर्स नेहमी समान आणि विरुद्ध येतात, त्यामुळे रोजच्या यंत्रांत हे कधी जाणवत नाही.

१५. मॅग्नेट लोखंडी खिळा खेचतो तो पण लॉरेंट्झ फोर्सच का?

नुसता तोच म्हणता येणार नाही. लोखंडाचं मॅग्नेटिझम मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे असतं आणि स्पिन म्हणजे गोल फिरणारा चार्ज नाही, त्याला स्वतःचा मॅग्नेटिक मोमेंट असतो, जणू एक बारीक मॅग्नेटच. असा मोमेंट फील्ड कमी-जास्त असेल तिथे खेचला जातो, एकसारख्या फील्डमध्ये फक्त वळतो. १९२२ मध्ये श्टर्न आणि गेरलाख यांनी चार्ज नसलेल्या चांदीच्या अणूंचा झोत अशाच फील्डमधून नेऊन दोन भागांत फुटलेला दाखवला, क्यू शून्य असताना. म्हणून प्रश्न ८ मधला "वर्क नाही" हा नियम खिळ्याला जसाच्या तसा लावू नका, तो चार्जसाठी आहे.

१६. प्रकाशाच्या वेगाच्या जवळ हा नियम चालतो का?

चालतो, फॉर्म्युला एक अक्षरही न बदलता. फक्त फोर्स म्हणजे मोमेंटम बदलण्याचा दर धरायचा आणि मोमेंटममध्ये गॅमा फॅक्टर (रिलेटिव्हिटीतला, वेगाबरोबर वाढणारा आकडा) घालायचा, वस्तुमान गुणिले त्वरण असं लिहून चालत नाही. गॅमा वाढतो तशी फेरीची फ्रिक्वेन्सी घटते, आणि प्रश्न ६ मधला सायक्लोट्रॉन त्यामुळेच मागे पडतो.

एक गोष्ट मात्र राहून जाते. वळणारा चार्ज प्रकाश सोडतो, १९४७ मध्ये सिंक्रोट्रॉनमधून तो डोळ्यांनी दिसला, पण बाहेरच्या मॅग्नेटिक फील्डचा फोर्स तर एनर्जी बदलत नाही, मग कण मंद का होतो? कारण चार्जवर त्याच्या स्वतःच्या रेडिएशनचाही उलटा फोर्स लागतो. साध्या फॉर्म्युल्यात आपण ई आणि बी फक्त बाहेरून आलेले घालतो, हा स्वतःचा भाग वेगळा जोडावा लागतो, आणि बिंदूएवढ्या चार्जसाठी तो नीट जोडणं आजही डोकेदुखीचंच काम आहे.

१७. जिथे फील्डच नाही तिथे चार्जवर काही परिणाम होऊ शकतो का?

फोर्स तर नाहीच. पण १९५९ मध्ये अहारोनोव्ह आणि बोम यांनी दाखवलं की लांब सोलेनॉइडच्या (नळीसारख्या गुंडाळलेल्या कॉइलच्या) दोन बाजूंनी इलेक्ट्रॉन नेला, आणि त्याच्या वाटेवर कुठेही बी नसेल, तरी सोलेनॉइडच्या आतल्या फ्लक्सप्रमाणे (फील्ड गुणिले क्षेत्रफळ) इंटरफिअरन्सचे पट्टे, म्हणजे दोन वाटांच्या लहरी मिसळून पडणारे पट्टे, सरकतात. पुढे प्रयोगांत तसेच सरकलेले दिसले. कण वळत नाही, वेग बदलत नाही, लहरीची फेज तेवढी बदलते. लॉरेंट्झ फोर्स याबद्दल काही सांगूच शकत नाही, तिथे व्हेक्टर पोटेन्शियल (ज्यावरून बी काढता येतं ती राशी) हाताशी घ्यावं लागतं.